राजाश्रयातला निराश्रित

शाळेत जाणाऱ्या मुलांना ‘आपल्या राज्याचा पक्षी कोणता?’ असे एकदा विचारून पाहावे. इंदूरचा मुलगा ‘दूधराज’ म्हणेल, वडोदऱ्याची मुलगी ‘सुरखाब’ म्हणेल, बेळगावची आणि हैदराबादची मुले एकाच नीलपंखाचे नाव दोन निराळ्या भाषांत घेतील आणि सुटीत आलेले पुण्याचे मामेभावंड ‘हरियाल’ म्हणून मोकळे होईल. राज्याला जशी राजमुद्रा असते तसाच एक पक्षी, एक प्राणी आणि एक वृक्षही असतो. पाठ्यपुस्तकात त्यांची रंगीत चित्रे असतात, परीक्षेत त्यांवर एक गुणाचा प्रश्न येतो, आणि बहुतेकांचा त्यांच्याशी असलेला संबंध तेथेच संपतो.

या प्रश्नोत्तरात एका पक्ष्याचे नाव मात्र फक्त राजस्थानातील मूल घेते. वास्तविक हा पक्षी एके काळी राजस्थानपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या उघड्या मुलखाचा रहिवासी होता. ग्वाल्हेर-शिवपुरीकडे त्याला सोनचिरैया म्हणतात, गुजरातेत घोराड, राजस्थानात गोडावण, तेलुगू मुलखात बट्टमेका. आपल्या मराठीत तो माळढोक. त्याच्या घुमण्यावरून काही ठिकाणी ‘हूम’. इतक्या भाषांनी ज्याला आपापले नाव दिले तो पक्षी त्या त्या लोकांच्या नित्य परिचयाचा असला पाहिजे. आज मात्र यांतील बहुतेक नावांना धनीच उरलेला नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर सामान्यतः ‘शिकार झाली, जंगल तुटले, सरकारने लक्ष दिले नाही’ असे दिले जाते. माळढोकाच्या बाबतीत ते अपुरे आहे. शिकार झाली हे खरे. परंतु जंगल तुटण्याचा प्रश्न नव्हता, कारण हा जंगलातला पक्षीच नव्हे. आणि सरकारने लक्ष दिले नाही असेही म्हणता येत नाही. चार-पाच राज्यांनी त्याच्या नावे अभयारण्ये घोषित केली, कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला वाघाच्या बरोबरीने स्थान मिळाले. इतका राजाश्रय मिळूनही तो निराश्रित झाला, हीच यातील विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

एका अंड्याचा संसार

पूर्ण वाढीचा माळढोक उभा राहिला म्हणजे साधारण मीटरभर उंच भरतो. नराचे वजन बारा-पंधरा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगात मोजकेच आहेत. तपकिरी पाठ, लांब पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा, असा त्याचा थाट. विणीच्या दिवसांत नर माळावरच्या एखाद्या उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याखालची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर वळवतो आणि खोल आवाजात घुमू लागतो. तो आवाज शांत वेळी दूरवर ऐकू जातो.

मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाने ती अंडे घालते. तेही बहुधा वर्षाला एकच. जवळजवळ चार आठवडे ती एकटीच ते उबवते. नराची या कामी काडीची मदत नसते. तेवढ्या अवधीत एखादे कुत्रे आले, गुरांचा कळप वरून गेला किंवा माणसाने तिला वारंवार उठवले, तर त्या वर्षीचा संसार तेथेच आटोपला. कोंबडीसारखी डझनभर अंडी घालणारी जात चार संकटे सोसून पुन्हा उभी राहते. एका अंड्यावर भिस्त ठेवणाऱ्या जातीला एकेक मादी गमावणे परवडत नाही.

त्याचा आहारही लक्षात घेण्याजोगा आहे. नाकतोडे, टोळ, भुंगेरे, सरडे, माळावरची बोरे, आणि शेतातला भुईमूग व हरभराही. म्हणजे त्याला अंडे घालण्यास निवांत गवत हवे आणि पोट भरण्यास माळ व जिरायती शेत ही दोन्ही हवीत. ज्वारी-बाजरीचे शेत, त्यालगत पडून ठेवलेला तुकडा, पलीकडे गायरान, अशा मिश्र मुलखात तो शतकानुशतके माणसाच्या शेजारी राहिला. कुंपण घालून त्याला वेगळा ठेवता येत नाही. तो सकाळी राखीव गवतात असतो आणि दुपारी कुणाच्या तरी शेतात. पुढे जे घडले ते समजण्यासाठी ही एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी माळढोक हा भारताचा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सुचवले होते. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोर सुंदर खराच, आणि आपल्या देवादिकांत त्याला स्थानही आहे. पण मोराला त्या मानाची गरज नव्हती, माळढोकाला होती. १९६९ च्या सुमारास देशात साधारण १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. २०१८ पर्यंत ही संख्या दीडशेच्या आसपास आली.

शिवपुरी-झाशी रस्त्यावर

ग्वाल्हेरहून आग्रा-मुंबई रस्त्याने शिवपुरीस निघाले की वाटेत घाटीगाव लागते. शिवपुरीहून पूर्वेस झाशीकडे वळले की करैरा येते. शिवपुरी ही शिंदे सरकारांची उन्हाळी राजधानी. झाशीविषयी तर मराठी वाचकांस काही सांगणे नको. ग्वाल्हेरकडच्या आपल्या कित्येक कुटुंबांची वऱ्हाडे याच रस्त्याने गेली-आली आहेत. १९८१ साली मध्य प्रदेश शासनाने सोनचिरैयासाठी याच पट्ट्यात दोन अभयारण्ये घोषित केली. एक घाटीगावचे, सुमारे ५१२ चौरस किलोमीटरचे. दुसरे करैऱ्याचे, सुमारे २०२ चौरस किलोमीटरचे.

त्या वेळेस देशभर या पक्ष्याविषयी जागृती झाली होती. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी अरब शेखांचे ताफे ससाण्यांच्या साहाय्याने शिकार करण्यासाठी जैसलमेरकडे उतरले. त्याविरुद्ध राजस्थानात लोकांनी आवाज उठवला. १९८० साली जयपूरला माळढोक आणि त्याच्या जातभाईंविषयी आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला. १९८१ साली राजस्थानने गोडावणास राज्यपक्षी केले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. असद रहमानी यांच्याकडे या पक्ष्याच्या अभ्यासाचे काम सोपवले आणि त्यांनी करैऱ्यास मुक्काम करून निरीक्षणे केली. आरंभीच्या वर्षांत करैऱ्याच्या माळावर पंचवीस-तीस पक्षी दिसत. अभयारण्याचे यश म्हणून त्याच्याकडे बोट दाखवले जाई.

परंतु या अभयारण्याची रचनाच अडचणीची होती. कान्हा किंवा बांधवगड म्हटले की सरकारी जंगल डोळ्यांपुढे येते. करैऱ्यात मोठा भाग शेतांचा होता. तिसांहून अधिक गावे आणि त्यांची पिढीजात शिवारे अभयारण्याच्या हद्दीत आली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याचा हेतू जाहीर केल्यानंतर लोकांच्या हक्कांची चौकशी करणे, ते मान्य करणे अथवा भरपाई देऊन मिळवणे, अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. नकाशावर रेषा ओढणे एका दिवसाचे काम असते. या पायऱ्या चढण्यास वर्षे लागतात. करैऱ्यात रेषा ओढली गेली आणि हक्कांचे प्रश्न लोंबकळत राहिले.

हद्दीतील जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधन आले. हे बंधन कागदावर वाचताना साधे वाटते. पण ज्याची सारी पुंजी पाच-सात बिघे जमीन आहे त्या शेतकऱ्याच्या जागी आपण स्वतःस ठेवून पाहावे. मुलीचे लग्न ठरले, घरात दीर्घ आजार शिरला, भावाभावांच्या वाटण्या आल्या, तर माणूस जमिनीकडे वळतो. ती विकता येत नाही म्हटल्यावर तिची किंमतही राहत नाही. जमीन त्याच्याच नावावर आहे, पण अडीनडीस तिचा आधार नाही. आणि हे का, तर माळावर एक पक्षी अंडे घालतो म्हणून.

त्यात दुसरी अडचण उभी राहिली. संरक्षणामुळे सोनचिरैयाची नव्हे, तर काळविटांची संख्या झपाट्याने वाढली. काळवीट हा देखणा प्राणी. पण त्याचा कळप रात्रीतून हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात शिरला तर सकाळी शेतात पाहण्यासारखे काही उरत नाही. त्याला हुसकावणे कष्टाचे, मारणे गुन्हा आणि नुकसानभरपाई मिळवणे म्हणजे कचेरीच्या पायऱ्या झिजवणे. गावकऱ्यांच्या मनात काळवीट, वनखाते, अभयारण्य आणि सोनचिरैया यांची एकच मोट बांधली गेली. सोनचिरैयाने कुणाचे दाणेही फारसे खाल्ले नव्हते. उलट ती शेतातले टोळ वेचणारी. पण राग कुणावर काढावा हे रागावलेला माणूस नेहमीच न्यायाने ठरवतो असे नाही.

उघड्या माळावर एका मादीचे एक अंडे सांभाळायचे, तर बंदुकीवाला पहारेकरी पुरत नाही. ते सांभाळते गावचे गुराखी पोर, जे कळप थोडा वळसा घालून नेते. सांभाळतो तो शेतकरी, जो नांगर फिरवताना तेवढा तुकडा सोडतो आणि कुत्रे हाकलतो. ही राखण हुकमाने होत नाही, आपुलकीने होते. करैऱ्यात तीच आटली. १९९३-९४ नंतर करैऱ्याच्या माळावर सोनचिरैया दिसली नाही.

पक्षी गेला, अभयारण्य मात्र राहिले. पुढे पाव शतकाहून अधिक काळ गावांवरची बंधने तशीच होती. ज्याच्यासाठी ती घातली तो तेवढा नव्हता. अभयारण्य घोषित करणे राज्य सरकारच्या हाती असते, पण २००० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते रद्द करण्यास दिल्लीपर्यंतच्या परवानग्या लागू झाल्या. अखेर २०२२ साली करैरा अभयारण्य अधिसूचनेतून वगळले गेले. घाटीगावातूनही सोनचिरैया नाहीशी झाली आणि त्या अभयारण्याच्या क्षेत्रातूनही काही गावे वगळण्याचा निर्णय करावा लागला. योगायोग असा, की त्याच २०२२ च्या सप्टेंबरात शेजारच्याच श्योपूर जिल्ह्यात, कुनोच्या राष्ट्रीय उद्यानात, आफ्रिकेहून विमानाने चित्ते आणले गेले. तोही माळरानाचाच प्राणी. चित्त्याच्या स्वागताबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण त्याच परगण्यातून एक घरचा पक्षी किती निमूटपणे गेला, हे त्या गाजावाजात फारसे कुणाच्या ध्यानी आले नाही.

नान्नजचा धडा

महाराष्ट्राने याहून शहाणपण दाखवले असे म्हणण्याचा मोह आपल्यास होईल. सोलापूरजवळच्या नान्नजचा आरंभ खरोखरच आशादायक होता. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमात गुरांच्या चाऱ्यासाठी माळांचे काही तुकडे चराईस बंद केले गेले. हेतू वैरणीचा होता, पक्ष्याचा नव्हता. पण गवताला दोन-चार पावसाळे उसंत मिळाली, ते गुडघाभर वाढले, आणि त्यात माळढोक येऊन राहू लागले. बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्या पक्षिनिरीक्षकांनी तिकडे लक्ष वेधले आणि १९७९ साली तेथे माळढोक अभयारण्य झाले.

चूक झाली ती आकाराची. अभयारण्याचे क्षेत्र ठरवले गेले सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील कित्येक गावे, बाजारपेठा, रस्ते आणि बागायत असे सारे त्या रेषेच्या आत आले. प्रत्यक्ष माळढोक वावरत होते ते त्यातील लहानशा तुकड्यांवर. साध्या कामासही परवानगी लागू लागली आणि ‘माळढोक’ हा शब्द त्या भागात पक्ष्याऐवजी अडथळ्याचे नाव होऊन बसला. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२३ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. तोवर उजनीचे पाणी, ऊस आणि द्राक्षबागा यांनी शिवाराचे रूप पालटले होते. एके काळी जेथे माळढोक हमखास दिसे त्या नान्नजला अलीकडे एखाददुसरा पक्षी दिसला तरी ती बातमी ठरते.

तरीही नान्नजच्या आरंभकथेत एक मोलाची गोष्ट आहे. माळढोकाला आणि गुराला एकाच गवताची गरज होती, आणि गवत राखण्याचा लाभ दोघांनाही झाला. म्हणजे माणूस आणि पक्षी यांचे हितसंबंध मुळात विरोधी नव्हते. ते विरोधी झाले ते आपण आखलेल्या रेषेमुळे.

‘पडीक’ या शब्दाची करणी

यापेक्षाही खोलवर गेलेला एक दोष आपल्या भाषेत आणि दप्तरात आहे. ज्या जमिनीतून महसूल येत नाही ती पडीक, असा शिक्का इंग्रजी अमदानीत बसला आणि स्वातंत्र्यानंतरही पुसला गेला नाही. माळ म्हणजे काहीच नसलेली जागा, ही समजूत सुशिक्षितांतही आहे. ‘ओसाड माळ’ हे शब्द आपण एका श्वासात उच्चारतो. मग अशा जागेचे काय करावे? तर झाडे लावावीत, कारखाना काढावा, दगडाची खाण द्यावी.

झाडे लावण्यात वाईट काय, असे वाचकांच्या मनात येईल. कर्नाटकातील राणेबेन्नूरचे उदाहरण पाहावे. धारवाड-हुबळीच्या पलीकडचे हे गाव. १९७४ साली तेथे काळविटांसाठी अभयारण्य झाले; माळढोकही त्या मुलखात होता. पण त्याच माळावर निलगिरीची लागवड वाढत गेली. ज्या पक्ष्याला चोहोकडे लांबवर दिसल्याखेरीज स्वस्थ वाटत नाही, जो धोका दुरून पाहून सावध होतो, त्याच्या दृष्टीने झाडांची दाटी म्हणजे कोंडवाडा. माळढोक तेथून गेला. आंध्रात तेव्हाच्या कर्नूल जिल्ह्यातील रोळ्ळपाडू येथे १९८८ साली अभयारण्य झाले. तेथेही काळवीट वाढले, पिकांची नासाडी झाली, भोवतालची शेती पालटली आणि बट्टमेका दिसेनासा झाला. गाव बदलले, भाषा बदलली, गोष्ट तीच.

वनखात्याच्या लोकांस दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यांचे शिक्षण वनांचे, त्यांच्या कामाचे मोजमाप लावलेल्या रोपांवर. गवत वाढू देणे हेही एक काम आहे, हे ज्या कोष्टकात लिहिण्यास रकानाच नाही, तेथे गवत कोण वाढू देईल?

सैलान्याचे गवत

माळव्यातील वाचकांना याच कुळातला आणखी एक पक्षी जवळचा आहे. हिंदीत त्याला खरमोर म्हणतात, मराठीत तणमोर. माळढोकाहून बराच लहान. नाव मोराचे असले तरी मोराच्या जातीचा नव्हे. पावसाळ्यात तो माळव्यातल्या गवताळ बिडांत विणीसाठी येतो. गवत कमरेइतके वाढलेले असते. त्यात मादीला आपण दिसावे म्हणून नर उभ्या जागी उंच उडी घेतो, क्षणभर गवताच्या वर झळकतो आणि पुन्हा आत बुडतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या होतात.

डॉ. सलीम अली यांनी उतारवयात या पक्ष्यासाठी शब्द टाकला आणि १९८३ साली मध्य प्रदेशात दोन खरमोर अभयारण्ये झाली. एक रतलामजवळचे सैलाना, दुसरे धार जिल्ह्यातील सरदारपूर. सरदारपूरचे क्षेत्र सुमारे ३४८ चौरस किलोमीटर आणि त्यात पुन्हा शेतेच शेते; त्यामुळे जमिनीच्या खरेदी-विक्रीचा करैऱ्यासारखाच तंटा तेथेही उभा राहिला. सैलाना मात्र जेमतेम तेरा चौरस किलोमीटरचे. त्याचा गाभा म्हणजे सैलाना संस्थानची जुनी शिकारवाडी. राजेरजवाड्यांनी ती शिकारीसाठी राखली होती हे खरे. पण राखल्यामुळे गवत टिकले हेही खरे.

तेथील रीत समजून घेण्याजोगी आहे. पावसाळाभर गवतात गुरे जात नाहीत. त्याच अवधीत खरमोर जोडी जमवतो, अंडी घालतो, पिले वाढवतो. पाऊस सरल्यावर पक्षी निघून जातात, आणि मग गवत कापून वैरणीसाठी नेले जाते. पक्ष्याचा मोसम संपतो तेव्हा गुराचा सुरू होतो. माळव्यातील बिडे आणि सौराष्ट्रातील विड्या पूर्वापार याच हिशेबाने राखल्या जात. पुढे मध्य प्रदेशाच्या वनखात्याने आणखी एक पाऊल उचलले. ज्याच्या शेतात खरमोर दिसेल आणि जो त्याचे घरटे निर्विघ्न राहू देईल, त्या शेतकऱ्यास रोख बक्षीस देण्याची योजना काढली. सोयाबीनच्या शेतात पक्षी उतरला म्हणजे संकट आले, असे ज्याला पूर्वी वाटत होते, तोच आता पक्षी आल्याची वर्दी देऊ लागला.

हे चित्र फार गोड करून सांगणे योग्य होणार नाही. सोयाबीनने, कीटकनाशकांनी आणि गवताळ जमिनींच्या घटीने खरमोरही फार रोडावला असून सैलान्यात अलीकडे मोजकेच पक्षी येतात. एका तेरा चौरस किलोमीटरच्या तुकड्याने सगळ्या जातीचा भार पेलणार नाही. परंतु करैरा आणि सैलाना ही दोन नावे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या ठिकाणी पक्षी आल्याचा दंड शेतकऱ्याने भरला; दुसऱ्या ठिकाणी, थोडा का होईना, लाभ त्याच्या पदरात पडला.

उरलेल्यांची गोष्ट

आज माळढोक मुख्यतः उरला आहे तो राजस्थानात, जैसलमेरच्या परिसरात. कच्छात आणि कर्नाटकातील बळ्ळारीकडे फार थोडे. जैसलमेरकडे तो टिकला त्यामागे १९८० साली घोषित झालेले वाळवंट राष्ट्रीय उद्यान आहे, तशीच तेथील लोकांची रीतही आहे. त्या मुलखात गावोगावी देवाच्या नावे सोडलेली माळराने असतात. त्यांना ‘ओरण’ म्हणतात. आपल्याकडील देवराईचेच हे वाळवंटी भावंड. तेथे झाड तोडायचे नाही, नांगर घालायचा नाही; गुरे चरतात, पण ठरल्या मर्यादेत. कुणा सरकारी अधिसूचनेवाचून ही बंधने पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली.

आता तेथेही नवे संकट आहे. ऊन आणि वारा यांपासून वीज निर्माण करणारे प्रकल्प याच मोकळ्या मुलखात उभे राहिले आणि विजेच्या तारांचे जाळे आले. माळढोकाची दृष्टी बाजूला चांगली चालते, समोर फारशी नाही. देह जड असल्याने तार ऐनवेळी दिसली तरी त्याला चटकन वळता येत नाही. तारांवर आपटून पक्षी मरू लागले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा होता ते एम. के. रणजितसिंह सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या मुलखातील तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो सौम्य करून तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. कारण धुराविना मिळणारी वीज हीसुद्धा देशाची गरज आहे. दोन चांगल्या हेतूंतून एक निवडायचा म्हणजे काय यातना असतात, हे अशा वेळी कळते.

दरम्यान २०१९ पासून जैसलमेरजवळ सम येथे माळावरची अंडी काळजीपूर्वक उचलून कृत्रिम रीतीने उबवण्याचे काम चालू झाले. पिले वाढली, त्यांनी पुढे स्वतः अंडी घातली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम गर्भधारणेतून पहिले पिलू जन्मले. अशा केंद्रांत पन्नासांहून अधिक पक्षी जमले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पिंजऱ्यातला माळढोक म्हणजे पेढीत ठेवलेला ठेवा. तो कधीतरी माळावर सोडायचा आहे. त्या वेळी माळ कोठे असेल? आणि असलाच, तर भोवतालच्या गावांत त्याचे स्वागत होईल की करैऱ्यासारखे तोंड फिरवले जाईल?

राज्याने काय करावे

राज्याने यात काय करायचे याची उत्तरे आता अगदीच अज्ञात राहिलेली नाहीत. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘संवर्धन राखीव’ आणि ‘सामुदायिक राखीव’ असे दोन प्रकार आले. पहिला सरकारी जमिनीसाठी, तोही स्थानिकांशी सल्लामसलत करून; दुसरा खासगी वा गावाच्या जमिनीसाठी, पण गावाने स्वतः पुढे होऊन. १९८१ साली करैऱ्याच्या माळासाठी अशी वाटच कायद्यात नव्हती. एक तर अभयारण्य, नाही तर काहीच नाही. आज ती आहे. तिचा उपयोग करायचा, गवताला ‘पडीक’ या रकान्यातून बाहेर काढायचे, पिकाच्या नुकसानीची भरपाई हेलपाट्यांवाचून द्यायची आणि लहान पण खरोखर जपता येईल एवढेच क्षेत्र राखायचे. यांतील कोणतीही गोष्ट राज्य सरकारच्या आवाक्याबाहेरची नाही.

आणि आपण? आपण बहुतेक शहरांत राहणारी माणसे. पण आपल्यांपैकी कित्येकांच्या नावे माळव्यात, कर्नाटकात, गुजरातेत वडिलार्जित जमिनीचा एखादा तुकडा असतो. ‘तेथे काही पिकत नाही, नुसते गवत आहे’ म्हणून तो विकावा की त्यावर झाडे लावावीत, असा विचार घरात चालतो. त्या विचारात ‘गवत आहे’ ही जमेची बाजू म्हणून एकदा तरी मांडावी. शाळेत वृक्षारोपणाचा दिवस माळावर साजरा होणार असेल, तर आधी तेथे काय राहते हे विचारावे. मुलांना राज्यपक्ष्याचे नाव पाठ करून घेताना, आपल्या राज्यातून कोणता पक्षी गेला आणि का गेला, हेही सांगावे. त्या प्रश्नाला परीक्षेत गुण नाहीत. पण मुलांना तो लक्षात राहील.

‘गाव करील ते राव काय करील’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रावाला कमी लेखण्यासाठी नाही. अधिसूचना रावच काढू शकतो, भरपाई त्यालाच द्यायची असते, आणि तारांचे जाळे आवरणेही त्याच्याच हाती आहे. पण माळावरच्या त्या एका अंड्याला कळप वळवून वाट करून देणारे पोर गावचे असते. त्याच्या घरी हरभरा शाबूत असेल, बापाच्या जमिनीला मोल असेल, तर ते कळप वळवील. एवढे साधले नाही तर कितीही चौरस किलोमीटर राखून ठेवले, तरी ते अभयारण्य फक्त नकाशावर राहते. करैऱ्याचे तसेच राहिले होते, आणि आता तेथूनही ते गेले आहे.